पाणथळीचे पाहुणे आणि हातातील कॅमेरा

आदिलाबाद जिल्ह्याचे नाव निघाले की सागवानाची अरण्ये, काळ्या जमिनीतील कापूस आणि कुंटाल्याचा धबधबा यांचे वर्णन ओघानेच येते. ते योग्यच आहे. परंतु या जिल्ह्याची आणखी एक संपत्ती अशी आहे की, जिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ती म्हणजे आपल्या तळ्यांच्या व जलाशयांच्या काठचा चिखल. दिवाळी सरली की सातनाला, मत्तडीवागू यांसारख्या जलाशयांचे पाणी हळूहळू मागे हटू लागते, पैनगंगेचे पात्र रोडावते आणि गावोगावच्या तळ्यांच्या कडेला ओलसर मातीचा पट्टा उघडा पडतो. आपल्या लेखी ती निरुपयोगी जागा होय. पण दूरदेशीहून येणाऱ्या पक्ष्यांच्या लेखी ते वाढून ठेवलेले पान असते.

या पानावर जेवणारे पाहुणे नाना तऱ्हेचे असतात. तांबड्या, काटकुळ्या पायांचा शेकाट्या पोटापर्यंतच्या पाण्यात सहज चालतो. आखूड चोचीचा कंठेरी चिखल्या दोन पावले धावतो, थबकतो आणि मातीच्या वरच्या थरातील किडा टिपतो. पाणलाव आपली लांब चोच मऊ चिखलात खोल खुपसून आत दडलेल्या अळ्या हुडकून काढतो. शराटीची चोच कोयत्यासारखी वाकडी असते, तर चमच्याची चोच नावाप्रमाणेच पळीसारखी चपटी असून तो ती पाण्यात डावी-उजवीकडे फिरवीत चालतो. मुग्धबलाकाच्या चोचीत मधोमध फट असते व गोगलगायी पकडण्याच्या कामी ती त्याला उपयोगी पडते. एकाच हातभर चिखलावर इतक्यांचे पोट भरते आणि तंटा होत नाही, कारण प्रत्येकाच्या चोचीची लांबी आणि घडण निराळी, म्हणून प्रत्येकाचा घासही निराळा. निसर्गाने केलेली ही वाटणी प्रत्यक्ष पाहिल्याविना पुस्तकातील धडा पुरता उमगत नाही.

अलीकडे हे पक्षी पाहण्यासाठी, आणि विशेषतः त्यांची छायाचित्रे काढण्यासाठी, अनेक तरुण मंडळी लांब पल्ल्याचे भिंग लावलेला कॅमेरा हातात घेऊन पाणवठ्यांकडे वळू लागली आहेत. हा छंद कित्येक वडीलधाऱ्यांना रुचत नाही. ‘पैशाचा चुराडा आणि अभ्यासाची हानी’ असा शेरा घरोघरी ऐकू येतो. आम्हांस हे मत मान्य नाही. मात्र छंदाच्या नावाखाली जे जे चालते ते सर्वच गोड मानून घ्यावे, हेही आम्हांस मान्य नाही. कॅमेरा जरूर हाती घ्यावा. पण तो घेणाऱ्याने पक्ष्याच्या पाठीस न लागता पक्ष्याची वाट पाहावयास शिकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम छंदाच्या बाजूने बोलू. आजचा आदिलाबाद जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात मोडत असे, त्या संस्थानातील पक्ष्यांची पाहणी थोर पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी १९३१-३२ साली केली. तिचा वृत्तान्त पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या काळी पक्ष्याची निश्चित ओळख पटवावयाची तर बंदुकीने त्याला टिपून, त्याचे कातडे जतन करून संग्रहालयात ठेवावे लागे. शास्त्राची ती गरज होती व तीमागे क्रौर्य नव्हते. तरी एका नोंदीसाठी एक जीव जात असे, हे खरेच. आज तेच काम एका स्पष्ट छायाचित्राने होते. पायांचा रंग, भुवईची रेघ, पंखावरचे ठिपके हे सारे चित्रात उमटते आणि पक्षी मात्र आपल्या घासाकडे परत वळतो. विज्ञानाने दिलेल्या देणग्यांत ही देणगी लहान नव्हे.

ही वाट प्रथम चोखाळणाऱ्यांनी सोसलेले कष्टही ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवरील एक ग्रंथ छायाचित्रांसह प्रसिद्ध केला. त्या काळचे कॅमेरे अवजड, काचेच्या पट्ट्यांवर चित्र घेणारे. पक्षी बुजू नयेत म्हणून या बंधूंनी पुढे बैलाचे कातडे पोकळ सांगाड्यावर चढवून त्याच्या पोटात बसण्याची युक्ती काढली. एका चित्रासाठी तासन्‌तास आत अवघडून बसावयाचे! यंत्र जड होते, म्हणून माणसाला स्थिर बसणे भागच होते. आणि माणूस स्थिर बसला, म्हणून पक्षी निर्धास्त राहिला.

आज यंत्र हलके झाले आहे. तिपाईवाचून, नुसत्या हातांनी पेलता येतील अशी दीड-दोन किलो वजनाची लांब भिंगे मिळतात. हातात धरलेल्या भिंगाचे लाभ उघड आहेत. तळ्याच्या बांधावरून, काट्याकुट्यांतून, चिखलातून तिपाई वाहून नेण्याचे श्रम वाचतात. अचानक उडालेल्या थव्याकडे कॅमेरा तत्काळ वळविता येतो. जमिनीवर पालथे पडून, पक्ष्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून चित्र घेता येते.

यातही शिस्त लागतेच. डावा तळहात भिंगाखाली असावा, दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकलेली असावीत, श्वास अर्धा सोडून क्षणभर रोखावा आणि कळ दाबावी नव्हे, तर हळूच ओढल्यासारखी चेपावी. भिंग ४०० मिलिमीटरचे असेल तर प्रकाश आत घेण्याचा अवधी १/४०० सेकंदाहून अधिक नसावा, असा जाणकारांचा ढोबळ नियम आहे. उडत्या पक्ष्यासाठी तो १/२००० सेकंदापर्यंत खाली आणावा लागतो. आधुनिक भिंगांत हाताचा कंप सावरणारी योजना असते. परंतु ती आपला हात सावरते, पक्ष्याची हालचाल नव्हे. सकाळचे कोवळे ऊन पाठीशी असावे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आधी काही वेळ कॅमेरा डोळ्याला न लावता नुसते पाहावे. पक्षी कोणत्या बाजूने चरत येत आहे, किती पावलांनी थांबतो, मान केव्हा वर करतो, हे ज्याने पाहिले त्याचेच चित्र चांगले उतरते. अशी नजर कमाविलेला विद्यार्थी वर्गात बसला तरी अधिक नीट पाहील आणि प्रयोगशाळेत अधिक नीट नोंद करील. अभ्यासाची हानी होते या शेऱ्याला आमचे हेच उत्तर आहे.

आता दुसरी बाजू. यंत्र हलके झाले आणि त्याबरोबर पायही मोकळे झाले. ‘आणखी दहा पावले पुढे गेलो तर चित्र मोठे येईल’ हा मोह येथूनच सुरू होतो. दहाची वीस होतात, वीसची पन्नास. पक्षी मान उंचावतो, चरणे थांबवितो, दोन पावले दूर सरकतो आणि शेवटी उडतो. उडालेल्या पक्ष्याचे चित्रही छान दिसते, म्हणून मग मुद्दाम उडविण्याची बुद्धी होते. कोणी टाळी वाजवितो, कोणी खडा टाकतो, कोणी नाव थेट थव्यात घालावयास सांगतो. मोबाइलधारी मंडळींची तर निराळीच अडचण असते. त्यांच्या यंत्राचा पल्ला कमी, म्हणून त्यांना अधिकच जवळ जावेसे वाटते.

‘पक्षी उडाला, पुन्हा बसेल, त्यात काय बिघडले?’ असा प्रश्न येथे कोणी करील. हिशेब मांडून पाहू. आपल्याकडे हिवाळ्यात येणारा टिलवा हा पक्षी चिमणीएवढा असून त्याचे वजन साधारण पंचवीस ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांच्या चार नाण्यांइतके असते. त्याची वीण उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात होते. तेथून येथवर येणे आणि वसंतात पुन्हा तेथवर जाणे, हा सारा प्रवास त्याने अंगात साठविलेल्या चरबीवर चालतो. ही चरबी साठते ती आपल्या तळ्याकाठच्या चिखलात घासाघासाने. या जातीच्या नातलगांची शक्ती किती अफाट असते पाहा. २०२२ साली गॉडविट जातीचा एक पक्षी अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत कोठेही न थांबता उडत गेल्याची नोंद झाली. परंतु अशी झेप घेण्याआधी पोटभर आणि निवांत चरणे अपरिहार्य असते. दिवसातून दहा वेळा उडविलेल्या पक्ष्याची शिदोरी दहा वेळा सांडते. आपण एकदाच उडविला असे आपल्याला वाटते. आपल्या आधी आणि आपल्यामागून येणाऱ्यांची गणती आपण करीत नाही.

विणीच्या दिवसांत तर प्रश्न जिवावरचा होतो. टिटवी, शेकाट्या, चिखल्या, नदीतील सुरय हे पक्षी झाडावर घरटे बांधीत नाहीत. उघड्या मातीवर, खड्यांत किंवा वाळूत थोडा खळगा करून ते अंडी घालतात. अंड्यांचा रंग आसपासच्या खड्यांसारखाच असल्यामुळे ती पाहणाऱ्याच्या नजरेस पडत नाहीत, आणि म्हणूनच पायाखाली येतात. टिटवी, चिखल्या आणि सुरय यांची वीण ऐन उन्हाळ्यात चालते. आदिलाबादचा उन्हाळा कसा असतो हे आम्ही सांगावयास नको. पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा वेळी पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब देण्यासाठी नव्हे, सावली देण्यासाठी. टिटवी तर पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी निववते. घरट्याजवळ कॅमेरा घेऊन माणूस पाच-दहा मिनिटे उभा राहिला, तर तेवढा वेळ अंडी उघड्या उन्हात तापत राहतात व आतला जीव धोक्यात येतो. वर घिरट्या घालून आक्रोश करणारी टिटवी ही आपल्या चित्रासाठी केलेली शोभा नव्हे, ते आईचे ओरडणे आहे.

पंचतंत्रातील टिटवीची कथा विद्यार्थ्यांच्या वाचनात असेलच. समुद्राने अंडी गिळली तेव्हा त्या लहानग्या जोडप्याने समुद्र आटविण्याची प्रतिज्ञा केली आणि अखेर समुद्राला अंडी परत करावी लागली. त्यावरूनच ‘टिटवीदेखील समुद्र आटविते’ ही म्हण रूढ झाली. आज त्या कथेतील समुद्राची जागा आपण घेऊ नये, एवढेच आमचे सांगणे.

याविषयी देशाचा कायदाही स्पष्ट आहे, पण तो फारच थोड्यांना ठाऊक असतो. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे याचाही समावेश होतो. म्हणजे बंदूक हाती नाही, म्हणून आपण शिकारी नाही, असे मानण्यास जागा उरत नाही. घरट्याशी जाऊन पक्ष्याला हुसकावणारा छायाचित्रकार कायद्याच्या दृष्टीनेही शिकाऱ्याच्या पंगतीस बसतो. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली याचा अभिमान बाळगावयाचा असेल, तर बंदुकीचा स्वभावही टाकून द्यावा लागेल.

येथे एक आक्षेप विचारात घेणे न्याय्य होईल. ‘गुरे पाण्यावर जातात, शेतकरी गाळपेर करतात, भोई जाळी टाकतात, त्यांच्याने पक्षी बुजत नाहीत काय? मग कॅमेरेवाल्यांनाच बोल का?’ आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु गुराखी आणि मच्छीमार पोटासाठी रोज त्याच वाटेने, त्याच वेळी जातात-येतात. त्यांची नजर पक्ष्यावर नसते. पक्षी हे ओळखतो आणि त्यांच्यापासून थोडे अंतर राखून चरत राहतो. कॅमेरेवाला मात्र वाट सोडून, पक्ष्यावर डोळा रोखून, सरळ त्याच्याच रोखाने येतो. आणि शत्रूही नेमका असाच येतो. शिवाय एकाचे ते पोट आहे, दुसऱ्याचा तो छंद. छंदाने संयम राखणे अधिक सोपे आणि म्हणून अधिक बंधनकारक. उलट आम्ही असे म्हणू की, तळ्याकाठच्या भोई आणि गुराखी बांधवांपाशी पक्ष्यांचे जे ज्ञान आहे ते नम्रपणे विचारून घ्यावे. कोणत्या बेटावर सुरय बसतात, टिटवीची वीण कोठे चालू आहे, हे त्यांना पाठ असते. कॅमेरेवाल्याने त्यांना विचारून पाऊल टाकले तर निम्मा उपद्रव टळेल.

संयमाने काय साधते याचे उदाहरण दूर शोधावयास नको. आपल्या बासरच्या काठाने वाहणारी गोदावरी नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वर येथे अडविलेली आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या त्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, उथळ पाणथळी तयार झाल्या आणि पक्ष्यांचे मोठे माहेरघर उभे राहिले. १९८६ साली ते अभयारण्य घोषित झाले आणि २०२० साली रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत त्याचे नाव झळकले. महाराष्ट्रातील हे पहिले रामसर स्थळ. तेथे पाहणाऱ्यांसाठी निरीक्षण-मनोरे उभारले आहेत, गावातील तरुण वाटाडे म्हणून काम करतात. पक्ष्यांना पाण्यात आणि माणसांना मनोऱ्यावर अशी जागा ठरली, की दोघांचेही भागते. माणसाने बांधलेल्या बंधाऱ्यामागे असे घडू शकते, तर आपल्या जिल्ह्यातील तळ्यांवर लहान प्रमाणात का घडू नये?

आपल्या दारी तर या कामाची निकड आहे. चनाखा-कोरटा येथे पैनगंगेवर बंधारा झाला आहे. शेतीला पाणी हवेच, त्याविषयी आमचे दुमत नाही. परंतु पाणी अडले की मागची वाळूची बेटे बुडतात, त्यांवर वीण करणाऱ्या पक्ष्यांना दुसरी जागा शोधावी लागते आणि त्याच वेळी नव्या काठावर नवा चिखलही निर्माण होतो. कोण गेले आणि कोण आले हे सांगावयाचे तर कोणीतरी वर्षानुवर्षे नोंद ठेवली पाहिजे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्षिस्थितीच्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतलेला आहे, व दूरवरून स्थलांतर करणारे पक्षी अधिक प्रमाणात घटत असल्याचे त्यात दाखविले आहे. तो अहवाल तयार झाला तो हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर. तारीख, स्थळ आणि संख्या लिहिलेले एक साधे, किंचित धूसर चित्रही या कामी मोलाचे ठरते. आणि ज्याच्यामागे काहीच नोंद नाही असे सुंदर चित्र चार दिवस भिंतीवर शोभून विस्मरणात जाते.

म्हणून काही सूचना विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे ठेवाव्याशा वाटतात. शाळेने कॅमेऱ्याआधी एक चांगली दुर्बीण घ्यावी. ती अनेकांच्या हाती फिरते आणि दूर राहूनच पाहावयास शिकविते. ज्या घरी कॅमेरा आहे त्यांनी तो मुलाच्या हाती द्यावा, पण सोबत एक वहीही द्यावी. भिंग मोठे नसेल तर पक्षी चित्रात लहान दिसेल, दिसू द्यावा. पाणी, चिखल, लव्हाळे आणि त्यात आपल्या जागी उभा असलेला पक्षी, हे चित्र नुसत्या मानेच्या चित्रापेक्षा अधिक सांगते. पक्ष्याने चरणे थांबवून मान वर केली की, तीच आपली सीमा समजून तेथेच बसावे. घरट्याचे चित्र घेऊ नये व चुकून दिसलेल्या घरट्याचा ठिकाणा जगजाहीर करू नये. आशिया खंडातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत होत आली आहे. त्या सुमारास शाळेने गावच्या तळ्यावरील पक्षी मोजावेत आणि ती नोंद दरवर्षी या वार्षिक अंकात छापावी. दहा वर्षांनी ती पाने चाळणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्या तळ्याचा इतिहास हाती लागेल.

‘बकध्यान’ हा शब्द आपण ढोंगी माणसाला उद्देशून वापरतो. बिचाऱ्या बगळ्यावर हा अन्यायच आहे. उथळ पाण्यात घटकाघटका निश्चल उभा राहून योग्य क्षणाची वाट पाहणारा बगळा हा छायाचित्रकाराचा खरा गुरू होय. तो पाण्यामागे धावत नाही. पाणीच त्याचा घास त्याच्यापर्यंत आणते. विद्यार्थ्यांनी हातात कॅमेरा अवश्य घ्यावा, कोपरे अंगाशी आणावीत, श्वास रोखावा आणि पाय मात्र रोवून ठेवावेत. त्यांनी काढलेल्या चित्रातील पक्षी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा आपल्या तळ्यावर उतरला, तरच ते चित्र चांगले निघाले, असे आम्ही म्हणू.